लवंगेच्या तेलाचा एक थेंब

निवांत बसा. खांदे सैल सोडा. तळहातावर एक लवंग घ्या. तेलाची बाटली शेजारी असली तर असू द्या, इतक्यात उघडू नका.

आधी नुसती पाहा. खाली काटकुळा देठ, वर चार टोकदार दात आणि त्यांच्यामध्ये गोल बोंड. हे बोंड म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. हिरवी कळी लालसर होऊ लागली की उमलण्याआधीच खुडतात आणि उन्हात वाळवतात. हिचं मूळ घर इंडोनेशियातली तेर्नाते, तिदोरे अशी मालुकू बेटं.

आता देठात नख रुतवा. लवंग चांगली असेल तर नखाला तेलाचा ओशटपणा लागेल. चांगल्या लवंगेत वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांपर्यंत तेल असतं. वाफेवर काढलेलं हे तेल पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. त्यात बहुतांश युजेनॉल नावाचं द्रव्य. कीड आणि बुरशी दूर राहावी म्हणून झाडानं बाळगलेलं हे शस्त्र.

नख नाकाजवळ आणा. वास ओढू नका, येऊ द्या. पहिला येतो तो तिखट झणका. थांबा. त्याच्यामागून लाकडाचा कोरडेपणा येईल, मग किंचित गोडवा. दातदुखी आठवेल, गोडा मसाला आठवेल, विड्याला टोचलेली लवंग आठवेल. आठवणी येतील तशा जाऊ द्या.

हेच युजेनॉल अंगणातल्या तुळशीत आहे, थोडंसं गुलाबाच्या तेलातही आहे. कार्नेशनच्या फुलाचा वास जुळवायचा तर अत्तरकाराचा हात लवंगेकडेच जातो. 1948 साली आलेल्या नीना रिचीच्या ‘लेर द्यू तां’ या अत्तरात असं कार्नेशन आहे. लावणाऱ्याला फूल जाणवतं, मसाल्याचा डबा आठवत नाही. लवंग तिथे आहे, पण मापात आहे.

आता पुन्हा तेच नख हुंगा. मघापेक्षा वास मंद वाटतो ना? तेल काही एवढ्यात उडून गेलेलं नाही, नाक सरावलंय. या क्षणी थोडं रेंगाळा. अत्तर जुळवणाऱ्याची कसोटी इथेच लागते. त्याला वाटतं, कमी पडलं, अजून एक थेंब घालू. घातलेला थेंब परत काढता येत नाही. म्हणून तो तेल आधी अल्कोहोलमध्ये पातळ करतो, काट्यावर तोलतो, वहीत लिहितो आणि उठून मोकळ्या हवेत जाऊन येतो.

तोलायला आणखीही कारण आहे. दुखऱ्या दाताला बधिर करणारं हेच तेल नितळ कातडीवर तसंच चोळलं तर आग होते, काहींना कायमची ॲलर्जी जडते. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात युजेनॉल 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर युरोपीय संघात ते लेबलवर लिहावंच लागतं. घरी साबण करणाऱ्यांनाही याचा इंगा माहीत असतो: लवंगेचं तेल पडलं की घोळ झपाट्यानं घट्ट होतो, साच्यात ओतायलाही सवड मिळत नाही.

लवंग खाली ठेवा. डोळे मिटा आणि स्वतःकडे वळा. माझ्यात तिखट काय आहे? जिभेची धार, चुका हेरणारी नजर, की स्पष्टवक्तेपणाचा अभिमान? त्याला लगेच वाईट ठरवू नका. कधी तरी त्यानं माझी राखण केली असेल, कुणाचं दुखणंही थांबवलं असेल. फक्त एवढं विचारा: मला त्याची सवय होऊन किती दिवस झाले? मला जे बेताचं वाटतं, ते समोरच्याला किती झोंबतं?

याचं उत्तर आपल्याच नाकाला विचारून मिळायचं नाही. अत्तरकार शेवटी वास घ्यायची कागदी पट्टी दुसऱ्याच्या हातात देतो आणि त्याचा चेहरा पाहतो. डोळे उघडा. आज घरातल्या एखाद्या माणसाला विचारा, ‘माझं बोलणं लागतं का रे कधी?’ आणि तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.