हळकुंडाचा आवाज

फाल्गुनात नर्सी नामदेवच्या वाटेनं जावं, तर कयाधूकाठच्या शिवारात शिजवलेली हळद उन्हात पसरलेली दिसते. एका खळ्यावर नातवानं विचारलं, "आबा, भरू का पोत्यात?" आबांनी एक हळकुंड उचललं, कानाशी नेलं, मोडलं. ते वाकून तुटलं. आवाज झाला नाही. "कच्चं हाय. दोन दिस अजून ऊन खाऊ दे." आबांची नखं मुळापर्यंत पिवळी होती.

मला गोरोबाकाका आठवले. कुंभाराचं थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी मडक्यांसारखी वाजवून पाहिली, ती कथा घरोघर ठाऊक आहे. त्या बैठकीत वयानं सगळ्यांत लहान मुक्ताबाई पक्की ठरली आणि नर्सीचे नामदेव कच्चे. मग त्यांना याच जिल्ह्यातल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. पिकायला वय लागतंच असं नाही, एवढं सांगून ही कथा बहुतेक कीर्तनांत संपते.

मी मात्र पुढच्या वर्षांपाशी अडखळतो. परंपरेनं नामदेवांचा जन्म 1270 चा. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि नामदेव सव्वीसचे. वर्षाच्या आत मुक्ताबाईही गेली. नामदेव ज्ञानदेवांनंतर 54 वर्षं जगले. पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. एवढी वाट तुडवताना दाढी पांढरी झाली असेल, गुडघे धरले असतील. आणि सोबतीला होता तो एकवीस वर्षांचा मित्र, ज्याचं वय आता वाढणार नव्हतं. समाधीचा तो प्रसंग नामदेवांच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आला. मागं राहिलेल्या मित्रानं तो सांगितला नसता, तर आपले ज्ञानदेव किती धूसर झाले असते!

शेतात उभ्या पिकाची राखण असते, तशी म्हाताऱ्यांकडे गेलेल्यांच्या तारुण्याची राखण असते. त्या म्हाताऱ्यांना आपण घाईत ऐकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हळद उलथता उलथता आबा एका दोस्ताचं सांगत होते. भर पुरात, चपला एका हातात वर धरून, तो कयाधू पार करायचा. विशीतच गेला. नातवानं त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी मध्येच तो म्हणाला, "डाव्या हातात, आबा. मागं तुम्ही डावा म्हणला होता."

आबा थांबले. "व्हय. डाव्याच."