पहिले शील आणि कमरेचे पिस्तूल

नव्याने दीक्षा घेतलेल्या घरी पंचशीलाचा अर्थ सांगावयास बसले की एक प्रश्न हमखास येतो. बहुधा घरातला तरुण मुलगा तो विचारतो. वडीलधारी माणसे त्याला दटावतात खरी, पण उत्तर त्यांनाही हवेच असते. "जीवहिंसेपासून अलिप्त राहीन असे आम्ही म्हणावयाचे, पण कोणी आमच्या अंगावर चालून आला तर?" ज्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, पाणवठा बाटविल्याचा आळ घेऊन ज्यांना झोडपले गेले, त्यांच्या मुलाने हे विचारावे यात आगळीक नाही. हा प्रश्न टाळून शिकविलेले शील तोंडपाठ होईल, पण अंगी बाणणार नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतील अनेक राज्यांच्या विधिमंडळांत गाजला आहे. तेथे तो कॉलेजच्या वर्गासंबंधी आहे. परवाना असलेल्या माणसाने कपड्याखाली लपविलेले पिस्तूल घेऊन कॉलेजात यावे की नाही? टेक्सासच्या विधिमंडळाने २०१५ साली 'यावे' असे ठरविले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून तेथील सरकारी विद्यापीठांत तो कायदा लागू झाला. जॉर्जियाच्या राज्यपालांनी २०१६ मध्ये असेच एक विधेयक नाकारले आणि २०१७ मध्ये थोड्या फेरफारासह आलेल्या विधेयकावर त्यांनीच सही केली. मधल्या वर्षात कोणते नवे सत्य हाती लागले ते त्यांनाच ठाऊक!

टेक्सासची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, त्याच राज्यातील ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढून एका विद्यार्थ्याने दीड तास गोळ्या झाडल्या आणि डझनाहून अधिक माणसे मारली. खालून काही नागरिकांनीही आपापल्या बंदुका आणून त्याच्यावर नेम धरला होता. कायद्याचे समर्थक हे आवर्जून सांगतात.

त्यांची बाजू आपण नीट ऐकली पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडावयाचे आणि मग ते खोडून काढावयाचे, ही बाबासाहेबांची रीत नव्हती. १९९१ च्या ऑक्टोबरात टेक्सासमधील किलीन येथे एका माणसाने उपाहारगृहाच्या काचेतून मोटार आत घातली व गोळीबार करून २३ माणसे ठार केली. सुझॅना हप या बाई तेथे आईवडिलांसह जेवत होत्या. त्यांचे पिस्तूल बाहेर मोटारीत राहिले होते, कारण ते लपवून जवळ बाळगणे त्या वेळी कायद्याने गुन्हा होता. बाई खिडकीतून निसटल्या. आईवडील दोघेही गेले. पुढे त्या विधिमंडळावर निवडून आल्या, आणि कायदा पाळला म्हणून मी आईवडिलांना वाचवू शकले नाही, हे त्या सांगत राहिल्या. २००७ साली व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. त्यांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापक होते. त्या विद्यापीठातही हत्यार आणण्यास बंदी होती. बंदी सज्जनाने पाळली, खुन्याने पाळली नाही. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याचे आईबाप मारले गेले त्याच्यापुढे अहिंसेचे प्रवचन करणे हा निर्दयपणा होईल.

मग धम्म काय सांगतो? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी जो खुलासा केला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. तथागतांनी अहिंसा हा आंधळा नियम केला नाही, तत्त्व म्हणून सांगितली. आणि तत्त्व माणसाला विचार करावयास लावते. मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. जेथे गरज नाही, केवळ इच्छा आहे, ती हिंसा निषिद्ध. किलीनच्या त्या उपाहारगृहात एखाद्याने खुन्यावर गोळी झाडली असती तर ती गरज होती, हे मान्य करावयास बौद्ध माणसाला संकोच वाटू नये.

पण कायदा त्या एका क्षणापुरता केलेला नाही. तो वर्षाच्या सगळ्या दिवसांसाठी, सगळ्या वर्गांसाठी आहे. गरज आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी? टेक्सासमध्ये वयाची व इतर अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो. तुला पिस्तूल कशाला हवे, असे त्याला कोणी विचारीत नाही. न्यूयॉर्कसारखी काही राज्ये असे विचारीत होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अटही घटनाबाह्य ठरविली. म्हणजे बाबासाहेबांनी ज्या प्रश्नावर सारा भर दिला, तो प्रश्न विचारण्याचीच तेथे आता मनाई आहे. ज्याला भीती वाटते त्याची भीती हीच त्याची गरज, असा हा हिशेब झाला. भीती तर कोणाला वाटत नाही? आणि अनोळखी कृष्णवर्णीय माणसाला पाहून ती अधिक वाटते, हे त्या देशात कोणाला सांगावयास नको.

आपल्याकडचा एक नियम याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये जे नियम झाले, त्यांतील तिसरा नियम अत्याचाराची भीती असलेल्या भागात सरकारने काय करावयाचे ते सांगतो. इतरांची हत्यारे जमा करावीत, त्यांचे परवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शस्त्राचे परवाने द्यावेत. (१९९० पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही त्यांत समावेश आहे, हे नवदीक्षितांनी ध्यानात ठेवावे.) येथे शस्त्र नाकारलेले नाही. पण आधी हल्लेखोराच्या हातातले काढून घ्यावयाचे आहे, आणि गरज कोणत्या गावी, कोणापासून, हे पाहावयाचे आहे. हा नियम प्रत्यक्षात किती राबविला जातो, ते आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात विचारून पाहावे. तो कागदावर राहतो म्हणूनच आपला तरुण तो पहिला प्रश्न विचारतो.

शस्त्राचा हक्क सर्वांना सारखा, असे अमेरिकेत म्हटले जाते. इतिहास निराळा आहे. गुलामगिरी संपली त्याच १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्या माणसांना परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी केली. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, ते ब्लॅक पँथर कॅलिफोर्नियात उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा १९६७ मध्ये तेथील विधिमंडळाने भरल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरण्यास बंदी केली. सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रीगन. आणि टेक्सासचा कायदा लागू होण्याच्या थोडेच दिवस आधी, जुलै २०१६ मध्ये, मिनेसोटात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची मोटार अडविली. आपल्याजवळ हत्यार आहे हे त्याने स्वतःहून सांगितले. परवाना असूनही तो गोळ्यांना बळी पडला, आणि गोळी झाडणारा पोलीस पुढे निर्दोष सुटला. परवान्याचा कागद एकच असतो. तो कोणाच्या खिशात आहे यावर त्याची किंमत ठरते. आपल्याला हे नवे नाही.

किंग यांची गोष्ट परवान्यापाशी संपत नाही. घरात असलेले हत्यारही त्यांनी पत्नीशी विचार करून काढून टाकले. हत्यार घरात असताना आपण अधिक भ्यालेले होतो, असे त्यांनी मागाहून लिहिले आहे. सुत्तनिपातात अत्तदण्ड नावाचे सुत्त आहे; त्यात तथागतांनी भयाचा उगम हाती घेतलेल्या दंडातच दाखविला आहे. आटत्या पाण्यातल्या मासोळ्यांसारखी तडफडणारी, एकमेकांवर उठलेली माणसे पाहून स्वतः आपल्यालाही भय वाटले, असे ते तेथे सांगतात.

टेक्सासमध्ये कायद्याला विरोध करणाऱ्यांत विद्यापीठ समूहाचे कुलपती विल्यम मॅकरॅव्हन होते. हे गृहस्थ नौदलातील निवृत्त ॲडमिरल. बिन लादेनवरील मोहीम त्यांच्या देखरेखीखाली झाली होती. ज्याची हयात बंदुकीच्या सहवासात गेली तो वर्गात बंदूक नको म्हणतो, आणि ज्यांनी कदाचित कधी गोळीचा आवाजही ऐकला नाही ते हवी म्हणतात! तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. हत्यार असलेल्या वर्गात आम्ही मोकळेपणाने शिकवू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले.

कायदा आल्यावर वर्गावर्गांत गोळीबार सुरू झाला असे काही घडले नाही, हे कबूल केले पाहिजे. नुकसान दुसरीकडे झाले आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन विद्यापीठात प्राध्यापकांच्या सभेत एक सूचनापत्र दाखविण्यात आले. नाजूक विषय जपून चर्चेस घ्या, काही विषय अभ्यासक्रमातून गाळून टाका, विद्यार्थी चिडला आहे असे दिसले तर त्या विषयात शिरू नका, अशा अर्थाच्या सूचना त्यात होत्या. कोणाच्याही हातून गोळी सुटण्याआधी, कायदा लागू होण्याच्याही आधी, विषय गळावयास लागले.

कोणते विषय गळतील? जे ऐकून कोणाचा तरी राग उसळतो ते. तेथे वंश आणि गुलामगिरी, येथे जात. आपल्या आजोबांना वर्गाबाहेर बसावे लागत होते. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा वर्गात बसण्याइतकेच वर्गात बोलण्याचे महत्त्व त्यांना ठाऊक होते; कोलंबियात ते स्वतः बोलावयास शिकले होते. आज आपली काही मुले त्याच देशात शिकावयास जातात, कोणी टेक्सासलाही जातात. मागच्या बाकावरून असा एखादा मुलगा हात वर करतो आणि म्हणतो, "सर, हे मला पटत नाही." सरांनी त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहावयाचे की कमरेकडे?