पिवळा रंग म्हणजे वाचन नव्हे

आधी मोबाइल बाकाखाली ठेवा. मागच्या बाकावरच्यांनो, तुम्हीसुद्धा. वेबपानाच्या समासात टिपा लिहायच्या 'हायपोथेसिस' या साधनावर तुम्ही जे दिवे लावलेत ते मी काल रात्री शेवटच्या टिपेपर्यंत वाचलेत. वाचण्यासारखं त्यात फार थोडं होतं, तरी वाचलं. चाळून सोडून द्यायची सवय तुम्हाला आहे, मला नाही.

"छान." "मस्त मुद्दा." "अगदी खरं." "सहमत आहे मॅडम." माझ्याशी कशाला सहमत होताय? मजकूर ताराबाई शिंद्यांचा आहे! 1882 साली पुण्यात छापलेल्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकातली पानं आहेत ती. लिहिणारी बाई बुलढाण्याची. आदल्याच वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण तेवढ्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला. तो वाचून संतापलेल्या ताराबाईंनी हे लिहिलं. म्हणजे दुसऱ्याचं लिहिलेलं नीट वाचायचं आणि त्याला मुद्द्याला मुद्दा भिडवायचा, एवढ्यासाठीच हे पुस्तक जन्माला आलंय. आणि त्याच्या समासात तुम्ही अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे!

हे साधन कसं वापरायचं ते मी फळ्यावर लिहून दिलं होतं. वाक्य निवडलं की दोन पर्याय येतात, एक टीप लिहिण्याचा आणि दुसरा नुसता रंग देण्याचा. रंग फक्त देणाऱ्याला दिसतो, इतर कुणालाही नाही. आता एक महाशय मला सांगतात, "मॅडम, मी अख्खं प्रकरण पिवळं केलंय." अरे, हळदीत बुडवून काढलंस तरी मला त्यातलं काही दिसणार नाही. आणि सगळंच महत्त्वाचं वाटलं याचा अर्थ काहीच कळलं नाही.

दुसरं, टीप पाठवण्याआधी ती आपल्या गटात जाणार की सगळ्यांसाठी खुली होणार, हे खाली लिहिलेलं असतं. ते न वाचता काहींनी "बाई लईच तापलीय" असले शेरे उभ्या जगासमोर मांडून ठेवलेत. आपली टीप आपल्याला पुसता येते. ते शेरे आज संध्याकाळच्या आत पुसा.

सबबी माझ्यापर्यंत पोचल्या आहेत. मोबाइलवर क्रोमचं एक्स्टेंशन बसत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तयार दुवा दिला होता. तो उघडायला बोट लागतं, लॅपटॉप नाही. दुसरी सबब म्हणजे नेटवर पीडीएफ आयती असताना मॅडमनी वेगळा मजकूर का लादला. ती पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत. फोटोतलं वाक्य निवडता येत नाही, मग टीप चिकटणार कशाला? जुन्या फॉन्टमधल्या फायलींची आणखी तऱ्हा. पडद्यावर मराठी दिसतं आणि निवडून दुसरीकडे चिकटवलं की भलतीच रोमन अक्षरं उमटतात. म्हणून मी ती पानं युनिकोडात टाइप करून दिली. हे यंत्र तुमच्या टिपेची जागा त्या वाक्यातल्या शब्दांवरून शोधतं. शब्द सापडले नाहीत तर टीप अनाथांच्या यादीत जाते. शेरा नेमक्या कुठल्या वाक्यावर आहे, हे यंत्रालासुद्धा लागतं. तुम्हाला लागत नाही. तुमचं "छान" कुठल्याही पुस्तकाच्या कुठल्याही पानावर डकवा, काही बिघडत नाही.

तिघांनी महिला सक्षमीकरणावर एकच निबंध डकवलाय, तोही सावित्रीच्या उल्लेखावर. एआयकडून आणलात हे कळायला मला यंत्र लागत नाही. तिथे ताराबाई म्हणतात काय? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दरबारापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल टाकणारा पुरुष कुणी ऐकलाय का? तुमच्या निबंधात ना सावित्री आहे, ना यम, ना हा प्रश्न.

याच वाक्यावर एका मुलीनं लिहिलंय, "मग महाभारतातला रुरु? त्यानं प्रमद्वरेला स्वतःचं अर्धं आयुष्य दिलं होतं." याला म्हणतात टीप! बाईंचा आवेश तिला पटलेला असणार, तरी तिनं त्यांना अडवलं. आता कुणीतरी म्हणायला हवं होतं की आदिपर्वातला रुरु यमाकडे गेलाच नाही, तो रानात विलाप करत बसला आणि देवदूत आपणहून आला. मग सावित्रीशी त्याची बरोबरी होते का? आणखी कुणी म्हणावं, अर्धं आयुष्य तर त्यानं दिलं, चालत गेला की नाही याला काय महत्त्व? ताराबाईंना रुरु माहीत नव्हता, की मुद्दाम वगळला? या एका टिपेवर अख्खा तास रंगला असता. तिच्याखाली तुमच्यापैकी कुणीही काहीही लिहिलेलं नाही. माफ करा, एकानं "वा!" लिहिलंय.

पुस्तक निघाल्यावर ताराबाईंवर टीका झाली, सत्यशोधकांमधूनही झाली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 साली 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. छापून घेतली, उघड घेतली. त्यांनी नुसतं "सहमत" लिहिलं असतं तर ते आज कुणी वाचलं असतं? ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. हे एवढंही विस्मरणात गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा छापून पुढे आणलं. एवढ्या खटपटीनं तुमच्या पडद्यापर्यंत आलेलं पान तुम्ही बोटानं वर सरकवता.

बुधवारपर्यंत प्रत्येकाची स्वतःची एक टीप हवी, एका वाक्याला धरून. शिवाय दुसऱ्याच्या टिपेला एक उत्तर हवं, आणि त्यात एक तरी नवी माहिती किंवा हरकत असली पाहिजे. रुरुच्या टिपेला आधी कोण भिडतं ते मी बघणार आहे. "छान"ला शून्य. डकवलेल्या निबंधाला शून्य, आणि डकवणाऱ्यानं मला स्टाफरूममध्ये येऊन भेटायचं. प्रत्येक टिपेवर वेळ उमटते. काल निम्म्या वर्गाच्या टिपा मुदत संपायच्या शेवटच्या दहा मिनिटांत पडल्यात. या वेळी तसल्या टिपा मी वाचणार नाही.