उष्णतेचे स्थलांतर

संगणकाच्या पेटीतील प्रोसेसर तापतो. त्यावर बसविलेल्या तांब्याच्या पट्टीतून वाहणारे पाणी ती उष्णता उचलते, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो आणि पंखे ती उष्णता खोलीत सोडतात. १२० मिलिमीटरचा रेडिएटर काढून ३६० चा बसविला, की सुधारणा झाली असे म्हणतात. सुधारणा कोणाची, असे आम्ही विचारतो. २०० वॅट वीज घेणारा प्रोसेसर २०० वॅट उष्णताच बाहेर टाकणार. रेडिएटर मोठा केल्याने ती नाहीशी होत नाही. उलट, थंडावा लाभलेला आजचा प्रोसेसर आपला वेग वाढवितो व अधिकच वीज खातो. पेटी निवते, खोली तापते. आणि त्याच खोलीत दुपारी घरातील वडील मंडळी आडवी झालेली असतात.

इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा १८६८ सालचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतो. एकाने साठविलेले पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. साठविणाऱ्याची स्वतःची हयगय नसतानाही भरपाई त्यालाच द्यावी लागली. घरात असे दावे कोणी लावीत नाही, म्हणूनच तेथे आधी विचारणे अधिक अगत्याचे. ‘बसव खुशाल, पण खिडकी उघडी ठेव’ असे उत्तर आले, तर आमची हरकत नाही.