सतरा सप्टेंबरनंतरची माणसं

औरंगाबादच्या शहागंजात वाढलेल्या आमच्या पिढीला १९४८ साल शाळेत मिळालं ते असं: निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जुलूम, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, १३ सप्टेंबरला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजा आणि १७ तारखेला निजामाची शरणागती. यातलं काहीच खोटं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी दोनशेवर माणसं मारली होती. पण घड्याळाजवळच्या बाजारातले म्हातारे दुकानदार एखाद्या घराचं किंवा लग्नाचं साल सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधीचं’ एवढंच म्हणत. नंतरचं काही निघत नसे, आणि गिऱ्हाईकही विचारत नसे.

मोठ्या कत्तली परमुलखात होतात, अशीच आमच्याकडची सर्वसाधारण धारणा. पाठीवर सॅक टाकून पूर्व आफ्रिकेत हिंडताना किगालीत उतरलो तोही त्याच धारणेने. रवांडाची ही राजधानी डोंगरउतारांवर पसरलेली आहे आणि रस्ते इतके स्वच्छ, की आपल्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं. १९९४च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत या देशात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक तुत्सी होते, मारणारे हुतू कट्टरपंथी. ओळखपत्रावर जमात छापलेली असे, त्यामुळे नाक्यावर अडवून माणूस निवडणं सोपं होतं. गिसोझीच्या स्मारकात सुमारे अडीच लाख लोकांचे अवशेष पुरले आहेत. तिथलं मुलांचं दालन विसरता येत नाही. भिंतीवर मोठा फोटो, खाली पाटी: नाव, वय, आवडतं खाणं, आवडता खेळ. शेवटच्या ओळीत, त्याच साध्या अक्षरात, मरण कसं आलं ते. बाहेर माझ्यासारखेच सॅकवाले गोरिला बघायला जाण्याच्या गाडीची चौकशी करत होते. मीही केली.

शहराने असं बोलावं, हे तेव्हा पक्कं वाटलं. न्यामिराम्बो या मुसलमान वस्तीत तर शहागंजच भेटलं: मशीद, रस्त्यावर शिलाई मशीन घेऊन बसलेले शिंपी, संध्याकाळची झुंबड. १९९४मध्ये तिथल्या कित्येक मुसलमानांनी शेजाऱ्यांना लपवून वाचवलं होतं.

पुढे किझितो मिहिगो या गायकाची हकीकत वाचली आणि त्या पक्केपणाला तडा गेला. तो स्वतः या हत्याकांडातून वाचलेला तुत्सी, सरकारी स्मृतिसोहळ्यांत गाणारा. २०१४मध्ये त्याने गाण्यातून दुसऱ्या बाजूच्या मृतांचंही स्मरण केलं. सत्ता जिंकलेल्या बंडखोर फौजेनेही हुतू नागरिक मारले होते, पण तो विषय तिथे बंद आहे. त्याच वर्षी सरकारविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली त्याला पकडलं. शिक्षा झाली, माफी मिळाली, पुन्हा अटक झाली आणि २०२०मध्ये तो पोलीस कोठडीत मेला. गिसोझीच्या पाट्या खऱ्याच आहेत. पण कोणाची पाटी लागायची हे जिंकणारा ठरवतो.

मग आपल्याच १९४८बद्दलचा सुंदरलाल समितीचा अहवाल वाचायला घेतला. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या कत्तलीच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा नेहरूंच्या सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला धाडलं. १९४८च्या नोव्हेंबरअखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते संस्थानभर हिंडले. याच काळात, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा आहे. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार. रझाकारांचा नेता कासिम रझवी याच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. एका विहिरीत समितीने अकरा प्रेतं मोजली. त्यांत एक बाई होती, छातीला चिकटलेलं लेकरू घेऊन.

हे किगालीसारखंच झालं असं मी म्हणणार नाही. किगालीत सरकारच मारेकरी होतं. इथे सरकारने चौकशी करवली, आणि अहवालातच लष्कराच्या शिस्तीची वाखाणणीही आहे, काही ठिकाणी सैनिक-पोलीस लुटीत सामील झाल्याची नोंदही. रझाकारांच्या छळाचा सूड ही बाजूही समितीने झाकलेली नाही. पण अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. जखमा उघड्या पडतील ही भीती १९४८मध्ये समजण्यासारखी होती. पुढच्या अनेक दशकांत मात्र ती भीती राहिली नाही, सोय झाली. नोंद दडपली की प्रत्येक घर आपापला आकडा सांभाळतं, कोणी फुगवून, कोणी पुसून. मे २०१८मध्ये शहागंज-राजाबाजारात दुकानं जळली, दोघांचे जीव गेले. त्याआधीच्या अफवांना १९४८चा अर्धवट इतिहास किती कामी आला हे मोजता येणार नाही, पण अगदीच आला नाही असंही मला वाटत नाही.

अहवालात एक नोंद आहे जी दोन्हीकडच्या भाषणबाजांना गैरसोयीची ठरेल. काही गावांत हिंदू विणकरांनी हिंदू जमावासमोर उभं राहून मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. दर १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं, ते व्हावंच. गोरट्यातल्या मृतांना मानवंदना मिळते, तीही मिळावी. त्याच सकाळी या विणकरांचा आणि ज्यांच्यासाठी ते मेले त्यांचा उल्लेख करायला फार तर पाच मिनिटं लागतील.