दाद मागण्याचे अंतर

कायदा शिकणाऱ्या देशभरातल्या विद्यार्थ्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडचे नाव एका निकालामुळे माहीत असते. ५ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या कर्जवसुलीच्या प्रकरणावर निर्णय दिला. सहकारी बँकांना २००२ चा सरफेसी कायदा वापरता येतो का, हा प्रश्न होता. सहकार हा राज्याचा विषय आणि बँकिंग केंद्राचा. मग केंद्राचा वसुलीचा कायदा राज्यात नोंदलेल्या संस्थेच्या हाती कसा, असा कर्जदारांच्या बाजूचा मुद्दा होता. घटनापीठाने तो मान्य केला नाही. सहकारी बँक हीसुद्धा बँकच आहे, तिला हा कायदा वापरता येतो, असे ठरले आणि गावोगावच्या बँकांना घेरून राहिलेला जुना वाद मिटला.

निकालाबद्दल माझी तक्रार नाही. बँकेचे पैसे बुडाले तर बुडतात ते ठेवीदाराचे, आणि आपल्या भागात ठेवीदार म्हणजे कुणी लांबचा सावकार नसतो. उसाच्या बिलातून चार पैसे बाजूला टाकणारा शेतकरी, निवृत्तीची रक्कम ठेवलेला शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी पावती केलेली आई, हेच ते ठेवीदार. थकबाकीदाराइतकेच तेही याच गल्लीत राहतात. घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, यात दुमत असू नये.

तरीही या निकालानंतर कर्जदाराच्या आयुष्यात काय बदलले, ते नीट पाहावे लागते. सहकारी बँकेची जुनी वाट म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला. सहकार खात्याच्या निबंधकासमोर सुनावणी व्हायची, दाखला निघायचा आणि मग वसुली अधिकारी जप्तीला यायचा. ही वाट अजूनही आहे. कर्जदाराला आपले म्हणणे सांगायला तालुक्याला किंवा कोल्हापूरला जावे लागे. सरफेसीत खाते एनपीए, म्हणजे थकीत, झाले की साठ दिवसांची नोटीस येते. मुदतीत रक्कम भरली नाही तर तारणाचा ताबा घेण्यासाठी बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, एक लाखापर्यंतची कर्जेही वगळली आहेत. राहते घर आणि दुकानगाळा मात्र वगळलेले नाहीत. ताबा चुकीचा आहे असे वाटले, तर कर्जदाराने पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचे, आणि आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्यात आहे.

नोटीस दारात येते. तिला उत्तर द्यायला अडीचशे किलोमीटर जावे लागते. लोक कायद्यांना अन्यायी म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांचे बोट या अंतराकडे असते, असे मला वाटू लागले आहे. कायदा कडक आहे, हे माणूस सोसतो. आपले म्हणणे ऐकून घेणारे जवळ कुणी नाही, हे त्याला सोसत नाही.

हे अंतर सरकारी योजनांतही दिसते. एक घर डोळ्यांसमोर आणू. असे घर वेदगंगेच्या काठच्या कुठल्याही गावात सापडेल. घरधनी कर्जावर घेतलेला ‘छोटा हत्ती’ टेम्पो चालवतो. भाजीपाला, खत, लग्नाचे मांडवसामान, मिळेल ते भाडे मारतो. गाडीच्या आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. तीन हप्ते थकले तर कंपनीसाठी ती गाडी कंपनीची. पण बायकोने लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरला, की तीच गाडी घरच्यांच्या मालकीची ठरते. कारण २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या या योजनेत कुटुंबाच्या नावावर चारचाकी असेल तर महिला अपात्र आहे. वगळला आहे तो फक्त ट्रॅक्टर. शेतीसाठी लागणारे वाहन नियमाला ओळखता आले, भाड्यासाठी लागणारे आले नाही. ट्रॅक्टर वगळण्यामागे जे तर्कशास्त्र आहे, तेच या टेम्पोला लागू होते. फक्त ते मांडायचे कुणापुढे, हे त्या बाईला कुणी सांगत नाही. अंगणवाडी सेविका यादी घेऊन घरी येते, गाडी दिसली की टिपते आणि जाते. यादीचा नियम बदलण्याचा अधिकार तिला नाही, आणि तिच्यावर राग काढण्यातही अर्थ नाही.

ही पडताळणी अनावश्यक होती, असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या जुलैत मंत्री आदिती तटकरे यांनी २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा लाभ तूर्त थांबवल्याचे जाहीर केले, आणि त्यात पुरुषांच्या नावाने भरलेले अर्जही निघाले. सार्वजनिक पैसा लाटणाऱ्याला रोखलेच पाहिजे. पण लाटणारा आणि भाड्याची गाडी चालवणारा या दोघांना एकाच यादीत टाकून दोघांचेही पैसे एकाच दिवशी बंद झाले, तर त्यातला प्रामाणिक माणूस पुन्हा प्रामाणिक अर्ज भरेल का, याचा विचार शासनाने करायला हवा.

अशा योजनांत आणखी एक गोष्ट मला फार खटकते. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. वय मात्र पासष्टच्या आत हवे. पासष्टी ओलांडली की त्या बाईने श्रावणबाळ योजनेकडे जायचे. रक्कम तीच, महिना दीड हजार. पण तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपये आहे. वर्षाला एकवीस हजार! संजय गांधी निराधार योजनेच्या विधवांनाही हाच आकडा. २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस रोजगार हमीवर काम केले की ते घर या मर्यादेच्या वर गेले. चौसष्ट वर्षांची असताना जी बाई शासनाला गरजू वाटत होती, ती थकली, तिचे हातपाय चालेनासे झाले, तेव्हाच शासन तिच्याकडे जास्त संशयाने पाहू लागते.

या आकड्याचा नैतिक परिणाम त्याहून वाईट आहे. इतकी अवास्तव मर्यादा घातली की खरे उत्पन्न सांगणारा बाद होतो, आणि ज्याला एकवीस हजारांचा दाखला काढता येतो तो पात्र ठरतो. म्हातारीला खोटे बोलायला लावणारा नियम तिच्या गरिबीइतकाच तिच्या मानालाही धक्का देतो. नियम करणाऱ्याने स्वतःला विचारावे, की हा नियम पाळणाऱ्याला आपण खरे बोलण्याची संधी देतो आहोत का.

आता रस्त्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने वाढीव दंड २०२१ च्या डिसेंबरपासून लावले. हेल्मेट नसेल तर पाचशे रुपये, परवाना नसेल तर पाच हजार. यावर नाक्यानाक्यावर कुरकुर चालते. पण २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतली पन्नास हजारांहून अधिक हेल्मेट न घालता गेली. मुरगूड-निपाणी रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्री मोटारसायकल चालवणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे हेल्मेटच्या सक्तीला मी अन्याय म्हणत नाही.

अन्याय दुसरीकडे आहे. पाचशे रुपये ही रक्कम शेतमजुराचा दिवसभराचा रोजगार खाऊन वर उरते. पगारदाराच्या एका संध्याकाळच्या जेवणाचे बिल त्याहून जास्त असते. कागदावर समान असलेला दंड दोघांना समान लागत नाही. फिनलंडमध्ये ठरावीक गुन्ह्यांचा दंड उत्पन्नावर मोजतात. २०२३ मध्ये तिथल्या ऑलंड बेटांवर वेगमर्यादा मोडणाऱ्या एका धनाढ्य उद्योजकाला एक लाख एकवीस हजार युरो भरावे लागले होते. आपल्याकडे ही पद्धत उद्या येईल असे नाही. उत्पन्न मोजायचे कसे, हाच मोठा प्रश्न आहे. पण समान रक्कम म्हणजे समान शिक्षा, हा समज तरी आपण सोडून द्यावा.

आणि इथेही पुन्हा तेच अंतर आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चलानाचा संदेश मोबाइलवर येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी अशी नोटीस पंधरा दिवसांत पाठवण्याचे आणि कॅमेऱ्याच्या जागी सूचनाफलक लावण्याचे बंधन घातले. चलान चुकीचे असेल तर तक्रार करता येते, पण ती मुख्यतः ऑनलाइन. ज्याला मोबाइलवर फक्त फोन घेता येतो, तो दंडही नातवाकडून भरून घेतो आणि तक्रारीचा विचारही करत नाही. चूक नसताना भरलेला दंड पैशांपेक्षा विश्वास जास्त घेऊन जातो.

कोल्हापूर जिल्ह्याला पात्रतेचा चटका पूर्वीही बसला आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीनंतर जिल्ह्यातल्या हजारो शेतकऱ्यांची मिळून सुमारे ११२ कोटींची माफी पुढे अपात्र ठरली. पीककर्जाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त उचल झाली, हे कारण. मर्यादेपेक्षा जास्त कर्ज शेतकऱ्याने एकट्याने उचलले नव्हते. सोसायटीने शिफारस केली, बँकेने मंजूर केले, तपासणी झाली, सह्या झाल्या. वसुलीची वेळ आली तेव्हा मात्र सगळी बोटे सातबाऱ्यावरच्या नावाकडे वळली. प्रकरण न्यायालयात गेले. नियम मोडल्याची जबाबदारी साखळीतल्या सगळ्यांनी उचलायची असते. ती फक्त शेवटच्या कडीवर टाकली, की लोक त्या नियमाला नियम मानायचे सोडून देतात.

जामीनदाराची गोष्टही याच साखळीतली. आपल्या भागात जामीन राहणे हे अजून नातेसंबंधाचे काम आहे. मेहुण्याने विचारले, शेजाऱ्याने विचारले, नाही कसे म्हणायचे? सही करताना त्याला बँकेने समजावून सांगितले का, की कर्जदाराइतकीच तुझीही जबाबदारी आहे? वर्षानुवर्षे शांत असलेल्या त्या माणसाला एकदम जप्तीची नोटीस जाते, तेव्हा कायदा बरोबर असतो आणि तरी कुणीतरी आपले कर्तव्य चुकलेले असते.

मोठ्या कंपनीचे कर्ज थकले तर तिच्यासाठी २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. कर्ज देणारे एकत्र बसतात, काही रक्कम सोडतात, व्यवसाय पुन्हा उभा राहतो. त्याच कायद्यात अगदी गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारी तरतूद लिहिलेली आहे, पण सर्वसाधारण घरांसाठी ती अजून लागूच केलेली नाही. त्यांच्यासाठी आजही १९२० चा जुना कायदा आहे. बड्याला उठायला हात आणि लहानाला नोटीस, ही भावना चावडीवर बोलली जाते ती उगाच नव्हे.

मग यात करायचे काय? कायदा सैल करा, कर्जे माफ करा, दंड रद्द करा, असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर वेळेवर हप्ते भरणारा आणि हेल्मेट घालणारा या दोघांवर अन्याय होईल. मागायची गोष्ट वेगळी आहे: नियम जितक्या जवळ आला, ऐकून घेणाराही तितक्या जवळ यावा.

ही मागणी कोल्हापूरकरांना नवी नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार चाळीस वर्षांहून जास्त काळ लढले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचे काम सुरू झाले. मुंबईचा एक फेरा, राहण्याचा खर्च, बुडालेला रोजगार, यांचा हिशेब मांडूनच ती लढाई झाली. न्याय मिळतो की नाही हे अंतरावरही ठरते, हे या भूमीने सिद्ध करून दाखवले आहे. तोच हिशेब कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या, योजनेच्या अपिलाच्या आणि चलानाच्या तक्रारीच्या बाबतीतही मांडला पाहिजे.

आज हाती असलेले काही मार्ग आपण वापरतही नाही. सरफेसीच्या नोटिशीवर कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. या बंधनामागे २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्ज नाकारताना लेखी कारण देणे बंधनकारक केले आहे. ही माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत, बँकेच्या आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर लागायला फारसा खर्च येत नाही.

आणि सहकारी बँकेचे मालक तर आपणच आहोत. दर वर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा होते. तिथे लाभांश किती, एवढेच विचारून आपण परततो. या वर्षी आपापल्या संस्थेत आणखी तीन प्रश्न उभे राहून विचारावेत. किती कर्जदारांनी नोटिशीवर हरकत घेतली? त्यातल्या किती जणांना कारणांसह लेखी उत्तर गेले? जामीनदाराला सही करण्याआधी त्याच्या जबाबदारीचा कागद मराठीत वाचून दाखवला का? ठेवीदार म्हणून आपली ठेव सुरक्षित हवी असेल, तर थकबाकीदाराचे म्हणणे ऐकले गेले की नाही हे विचारणे हेही आपले कर्तव्य आहे. उद्या त्याच्या जागी आपल्याच घरातला कुणी असू शकतो.