मुठीपासून दूर

मनुष्यस्वभावातील उणिवांना नावे देण्याच्या कामी आपली मराठी मुळीच दरिद्री नाही. पाप, अपराध, दुर्गुण, दोष, वैगुण्य अशी संस्कृताची उतरंड तर आहेच. शिवाय फारसीच्या अमदानीत दफ्तरांतून घरोघर पोचलेले गुन्हा, कसूर, ऐब हे शब्द आहेत. आणि या सर्वांच्या पायथ्याशी, जिची कोणत्याही दरबारात फिर्याद व्हायची नाही, पण जी जित्याची असल्यास मेल्याशिवाय जायची नाही, अशी ती खोड आहे. इंग्रजीत या तळच्या पायरीवर 'फॉइबल' नावाचा एक शब्द बसलेला असतो. थोरामोठ्यांच्या चरित्रांतून तो हटकून भेटतो, आणि तो भेटला की वाचकाने रागवायचे नसून मंद हसायचे असते, असा संकेत आहे.

मुळात मात्र हा शब्द हसण्याचा नव्हे. लॅटिनमध्ये 'फ्लेरे' म्हणजे रडणे. त्यावरून 'फ्लेबिलिस', म्हणजे ज्याच्यासाठी अश्रू ढाळावेत असा. मित्राच्या निधनाने व्याकूळ झालेल्या व्हर्जिलचे सांत्वन करताना होरेसने हेच विशेषण दिवंगत क्विंटिलियसला लावले आहे. पुढे फ्रान्समध्ये त्यातला एक 'ल' झिजला, शोचनीयाचा नुसता दुबळा झाला, आणि या दुबळ्याने इंग्लंडात दोनदा प्रवेश केला: मध्ययुगात 'फीबल' होऊन आणि सतराव्या शतकात 'फॉइबल' होऊन. खुद्द फ्रेंचांनी त्यातली जुनी अक्षरे टाकून दिली, आणि १८३५ च्या कोशात त्यांच्या अकादमीने नव्या लेखनावर शिक्कामोर्तब केले. पण मायदेशी चलनातून बाद झालेले नाणे इंग्रजांनी जपून ठेवले.

हा दुसरा प्रवेश तलवारबाजीच्या आखाड्यातून झाला, आणि माझ्या मते या शब्दाचे सारे मर्म तेथेच आहे. फ्रेंच वस्तादांनी सरळ पात्याचे दोन भाग कल्पिले होते: मुठीपासून मध्यापर्यंतचा तो 'फोर्त', म्हणजे सबळ, आणि मध्यापासून टोकापर्यंतचा तो 'फॉइबल', म्हणजे दुर्बल. दोन्हीकडे पोलाद एकच, लोहारही एकच. पण तरफेचा नियम असा की हातापासून जितके दूर जावे तितका समोरच्याचा दाब सोसण्याचा जोर कमी. म्हणून प्रतिपक्ष्याचा वार आपल्या मुठीजवळच्या भागाने त्याच्या शेंड्यावर अडवावा, आपल्या शेंड्याने त्याचे बळ अडवू जाऊ नये, हा तेथला पहिला पाठ. पण शेंडा दुर्बल म्हणून छाटून टाकावा असे कोणीही वस्ताद सांगत नव्हता, कारण वेध घेण्याचे काम अखेर त्या टोकाचेच असते.

आखाड्यातून हा शब्द स्वभावाकडे वळला तेव्हा त्याच्याबरोबर तो डावही आला असावा, अशी मला शंका आहे. दुसऱ्याचे दुबळे ठिकाण कोणते हे जाणून घेण्याची हौस निव्वळ जिज्ञासेची क्वचितच असते. मित्रमंडळीत कोणाच्या कंजूषपणावर, कोणाच्या विसराळूपणावर जो सौम्य विनोद चालतो, त्यातही आपला सबळ भाग त्याच्या शेंड्यावर टेकलेला असतो. आणि स्वतःच्या बाबतीत हाच शब्द आपण ढालीसारखा पुढे करतो: ज्याला शेजारी ऐब म्हणेल त्याला आपण आपली एक खोड म्हणून मोकळे होतो.

डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ च्या एप्रिलात प्रसिद्ध झाला. या कोशकाराच्या अंगी खोडी इतक्या होत्या की बॉस्वेलने लिहिलेल्या चरित्राची कित्येक पाने त्यांनी भरली आहेत. रस पिळून झालेल्या संत्र्यांच्या साली ते मेजवानीहून खिशात घालून नेत. असे का, हे विचारण्याची कोणाची छाती होईना. अखेर लेडी डायना बोक्लर्क यांच्याशी छोटीशी पैज लावून बॉस्वेलने १७७५ साली ते विचारले. साली वाळवतो, एवढे डॉक्टरांनी कबूल केले. पुढे त्यांचे काय होते हे जिवलग मित्रांनाही कळायचे नाही, असे त्यांनी बजावले. बॉस्वेलने पैज जिंकली, आणि हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या विक्षिप्तपणाचा मासला म्हणून सांगितला गेला.

परंतु कोशाच्या वर्षातलेच, ३१ डिसेंबर १७५५ चे, त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे. ते हिल बूथबी या आजारी स्नेही बाईंना लिहिलेले असून त्यात पचनाच्या तक्रारीवर एक घरगुती उपाय सुचवला आहे: संत्र्याची साल वाळवून तिचे बारीक चूर्ण करावे आणि गरम तांबड्या मद्यातून घ्यावे. बूथबीबाई पुढच्याच महिन्यात वारल्या. वीस वर्षांनंतर पैजेपोटी प्रश्न आला तेव्हा मेजावर ताज्या साली नीट खरवडून, तुकडे करून मांडलेल्या होत्या.